वनरोपवाटिकेला खत किती? अकोल्यातला एक हिशेब

२०२५ च्या खरिपात खतांच्या दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. युरिया आणि डीएपीसाठी अनेक राज्यांत दुकानांपुढे रांगा लागल्या. त्याच सुमारास चीनने विद्राव्य आणि इतर विशेष खतांची भारताकडे येणारी निर्यात रोखून धरल्याचे समोर आले. ही खते आपण मोठ्या प्रमाणात चीनकडूनच घेतो, त्यामुळे १९:१९:१९ सारख्या ग्रेडचे दर चढले. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा निर्यात मोकळी करण्याचे आश्वासन मिळाले. पण तोवर खरीप अर्धा उलटला होता.

या गदारोळात वनरोपवाटिकांचा विचार कोणी केला नाही, आणि खरे तर करण्याची गरजही नव्हती. दहा हजार रोपांच्या वाटिकेला सबंध हंगामात युरियाची एक गोणीसुद्धा संपत नाही. तरीही 'खत मिळाले नाही म्हणून रोपे खुरटली' ही तक्रार ऐकू येते, आणि जिथे खत मिळाले तिथे ते गरजेच्या कितीतरी पट पडते. अकोले तालुक्यात सामाजिक वनीकरण, वनविभाग, ग्रामपंचायती, महिला बचत गट आणि खासगी रोपवाटिकाधारक अशी सगळीच मंडळी वनरोपे तयार करतात. पावसाळ्याआधीचे दोन-तीन महिने त्यांच्यासाठी निर्णायक असतात. या दिवसांत युरियाचा हात सुटला, तर त्याचा परिणाम वाटिकेत दिसत नाही; तो ऑक्टोबरमध्ये डोंगरावरच्या खड्ड्यात दिसतो.

उंचीचा बाजार

गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात वृक्षलागवडीचे आकडे झपाट्याने वाढले. १ जुलै २०१६ रोजी २ कोटींचे उद्दिष्ट होते. पुढे २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. यातली झाडे किती जगली, हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमण्याची घोषणा झाली. ५ जून २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. आपल्याकडे चर्चा होते ती किती खड्डे खणले आणि किती रोपे लावली यांची. रोप कसे होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

रोप घ्यायला आलेला माणूस आधी उंची पाहतो आणि मग पानांचा हिरवेपणा. गुडघ्याएवढे, काळपट हिरवे, मोठ्या पानांचे रोप त्याला चांगले वाटते. वाटिकाधारकालाही हे ठाऊक असते. मे उजाडतो, रोपे वीतभरच असतात, उचल महिन्यावर आलेली असते. मग पिशवीत चिमूट-चिमूट युरिया टाकला जातो. पंधरा-वीस दिवसांत रोप सरसर वर जाते. सौदा होतो, बिल निघते.

अशा रोपाच्या आत काय घडते ते पाहा. जास्त नत्र मिळाले की रोप आपली ताकद शेंडा आणि पाने यांच्याकडे वळवते, मुळांकडे कमी. पेशी मोठ्या होतात, त्यांच्या भिंती पातळ राहतात, पानांचे क्षेत्र वाढते. वाटिकेत सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी मिळते, तोवर हे चालून जाते. तेच रोप मुरमाड उतारावर लावले की पावसाळा संपल्यावर पाने भरपूर पाणी मागतात आणि पिशवीएवढ्याच मुळांना ते पुरवता येत नाही. दसऱ्यापर्यंत शेंडा वाळतो. गावकरी म्हणतात पाऊस लवकर गेला, अधिकारी म्हणतात शेळ्यांनी खाल्ले. दोन्ही खरे असू शकते. पण त्याच उतारावर, त्याच पावसात शेजारचे बुटके आणि जाड बुंध्याचे रोप उभे राहिलेले दिसले, तर कारण वाटिकेत शोधावे लागते.

एक चिमूट म्हणजे किती?

वनरोपवाटिकेत सर्रास वापरली जाणारी ५ बाय ७ इंचाची पिशवी घ्या. भरल्यावर तिच्यात सुमारे पाऊण लिटर मिश्रण बसते, म्हणजे वजनाने एक किलोच्या आसपास. तीन बोटांच्या चिमटीत युरियाचे साधारण एक ग्रॅम दाणे येतात. शंका असेल तर सोनाराच्या काट्यावर मोजून पाहा.

एक किलो मातीला एक ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. आता हेच प्रमाण शेतावर लावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचे वजन साधारण २२ लाख किलो धरतात. किलोला एक ग्रॅम म्हणजे हेक्टरी २२०० किलो युरिया, म्हणजेच एकरी ४५ किलोच्या जवळपास वीस गोण्या. कांद्याला तुम्ही एकरी दोनाच्या आसपास गोण्या देता, त्याही दोन-तीन हप्त्यांत. रोपाच्या पिशवीत मात्र एका चिमटीत वीस गोण्यांचा हात पडतो, तोही खोडाला चिकटून. रोप जळाले नाही तर नशीब. आणि जळाले नाही म्हणून मात्रा बरोबर होती, असे समजायचे कारण नाही.

मग द्यायचे किती? बी रुजून रोपाला चार-पाच खरी पाने आली की एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम युरिया विरघळवून प्रत्येक पिशवीला ५० मिलि द्रावण द्यावे. म्हणजे रोपाला ०.१ ग्रॅम युरिया, चिमटीच्या दहावा हिस्सा. दहा हजार पिशव्यांना एका वेळी ५०० लिटर पाणी आणि एक किलो युरिया लागतो. पंधरा दिवसांच्या अंतराने सहा वेळा दिले तर सहा किलो. २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीतला हा हिस्सा सुमारे ३६ रुपयांचा होतो. द्रावण संध्याकाळी, माती ओलसर असताना द्यावे आणि लगेच साध्या पाण्याची हलकी झारी मारून पाने धुवावीत. ही धुण्याची पायरी मजूर हटकून गाळतात आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या दिसतात.

सहाच्या सहा वेळा द्यायलाच हवे असेही नाही. पाने फिकट नसतील आणि नवी फूट नियमित येत असेल, तर एखादी पाळी चुकवा.

१९:१९:१९ वापरायचे असेल तर तेही लिटरला दोन ग्रॅम पुरते. मात्र दर चढलेले असताना त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. स्फुरद आणि पालाश मिश्रण भरतानाच दिलेले असेल, तर उभ्या रोपाला मुख्यतः नत्रच लागते आणि ते युरियातून सर्वांत स्वस्त पडते. युरियाबरोबर दुकानदार नॅनो युरियाची बाटली गळ्यात मारत असेल, तर असे 'लिंकिंग' नियमबाह्य आहे हे लक्षात ठेवा. नॅनो युरिया सुरुवातीला ४ टक्के नत्राचा होता. त्या ५०० मिलि बाटलीत नत्र साधारण २० ग्रॅम, तर ४५ किलोच्या गोणीत २० किलोहून थोडे जास्त. नंतर बाटलीतले नत्र २० टक्क्यांवर नेले गेले, तरी ते शंभर ग्रॅमच्या घरातच राहते. फवारणी म्हणून तो वापरायला हरकत नाही, पण पिशवीतल्या मातीची गरज त्याने भागत नाही.

डीएपीचे काय? वनरोपवाटिकेला डीएपीची गरजच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उगवत्या बियाजवळ डीएपीचा दाणा पडला तर त्यातून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळाला मारतो. शिवाय आपल्या बहुतेक वनवृक्षांची मुळे मायकोरायझा बुरशीशी भागीदारी करून स्फुरद मिळवतात. आयते भरपूर स्फुरद मिळाले की ही भागीदारी जमत नाही. आणि डोंगरावर गेल्यावर रोपाला तीच बुरशी उपयोगी पडणार असते, कारण तिथे कोणी डीएपी टाकायला येत नाही. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे. ते सौम्य आहे, त्यात गंधक व कॅल्शियमही मिळते, आणि डीएपीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

एक तालुका, दोन हवामाने

वरचा हिशेब सरसकट सगळीकडे चालणार नाही. अकोल्यात तर नाहीच. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तालुक्याच्या पूर्व टोकाकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला तांबडी, निचऱ्याची, आम्लतेकडे झुकणारी माती आहे. प्रवरेच्या काठाने खाली, संगमनेरच्या दिशेने आलात की मध्यम काळी, चुनखडीयुक्त जमीन लागते.

पश्चिमेकडे, म्हणजे राजूर, भंडारदरा पट्ट्यात, नत्र पावसाने वाहून जाते. जूनमध्ये उचल झाली नाही आणि रोपे जुलैच्या झडीत वाटिकेतच राहिली, तर ती सगळीच फिकट पडतात. इथे उघडीप मिळताच युरियाच्या द्रावणाची एक हलकी पाळी योग्य ठरते. पावसात दाणे टाकले तर ते तसेच ओहोळाला मिळतात.

पूर्वेकडे उलटा प्रकार आहे. चुनखडीच्या मातीत, त्यात विहिरीचे जड पाणी, पिशवीतला सामू महिन्यागणिक चढत जातो. पिशवीच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. अशा मातीत युरिया वर टाकून ठेवला तर त्यातले बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते. आणि रोपे पिवळी पडतात ती वेगळ्याच कारणाने.

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून थोडे थांबून पाहा. पिवळेपणा कुठून सुरू झाला? खालची, जुनी पाने आधी सरसकट पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची. दुसऱ्या प्रकारात युरिया दिला तर रोप वाढू पाहते, लोहाची मागणी आणखी वाढते आणि शेंडा पांढरट होत जातो. त्यावर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण ताजेच वापरा. तांबूस गढूळ झाले की उपयोग नाही. तिसरी शक्यता म्हणजे पाणी जास्त होणे. पिशवीला खालची भोके बुजलेली, माती चिखल, मुळे तपकिरी. याला कोणतेच खत लागू पडत नाही. एक पिशवी फाडून मुळे पाहिल्याशिवाय खताच्या दुकानात जाऊ नका.

पिशवी भरताना

वाटिकेचे निम्मे खत-व्यवस्थापन पिशवी भरतानाच उरकते. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत २:१:१ या प्रमाणात घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. पूर्वेकडच्या काळ्या मातीला वाळू थोडी वाढवावी, पश्चिमेकडे तांबडी माती आधीच हलकी असेल तर शेणखत वाढवावे. दहा हजार पिशव्यांना पावणेतीन ब्रासच्या आसपास मिश्रण लागते. एका ब्रासला चार ते पाच किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि आठ-दहा किलो निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत वर्षभर कुजलेले हवे. ताज्या शेणातून हुमणी आणि तण दोन्ही येतात, शिवाय ते पिशवीत कुजू लागले की रोपाच्या वाटचे नत्र खाते. अर्धवट कुजलेल्या खतात लावलेली रोपे फिकट दिसतात आणि माणूस पुन्हा युरियाकडे वळतो.

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात भात, नागली, वरईच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. फांद्या-पाचोळा जाळून तयार केलेल्या जागेत तण कमी येते आणि राखेतून पालाश मिळते, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. तीच राख वनरोपांच्या मिश्रणात थोडी मिसळायला तांबड्या, आम्ल मातीत हरकत नाही. ब्रासला एखादे घमेले पुरे. पण पूर्वेच्या चुनखडी मातीत राख अजिबात नको, तिथला सामू आधीच चढा असतो.

मायकोरायझाची पुडी आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू कृषी विद्यापीठाच्या किंवा खात्रीच्या केंद्रातून घ्यावेत. ते मिळाले नाही तर आपल्याच बांधावरच्या जुन्या, निरोगी झाडाखालची वरची माती चाळून मिश्रणात पाच टक्के घालावी. त्या मातीत बुरशी असतेच. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र माती उचलू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आपल्या दाराशीच आहे.

खैर, शिसव, करंज, शिरीष ही शेंगवर्गीय झाडे. त्यांच्या बियांना रायझोबियम लावले तर मुळांवर गाठी येतात. गाठ कापून आत लालसर दिसली तर ती काम करते आहे. अशा रोपांना युरियाच्या पाळ्या निम्म्या कराव्यात. जास्त नत्र मिळाले तर गाठी धरत नाहीत.

हिरड्याची गोष्ट वेगळी. बाळहिरडा हे डोंगरातल्या कित्येक घरांचे रोख उत्पन्न आहे, त्यामुळे त्याच्या रोपांना मागणी आहे. पण बी कठीण, उगवण संथ आणि रोप पहिल्या वर्षी वर फारसे वाढत नाही. ते खाली सोटमूळ सोडत असते. त्याला मेमध्ये युरिया मारून जूनमध्ये उंच करण्याचा प्रयत्न म्हणजे रोपाच्या स्वभावाशी भांडण. हिरड्याला दीड वर्ष द्यावे, मोठी पिशवी द्यावी आणि पिशव्या अधूनमधून हलवून खाली जमिनीत घुसणारे मूळ तोडावे. दीड वर्ष सांभाळलेल्या रोपाला तसा दरही मिळाला पाहिजे. खरेदी करणाऱ्या यंत्रणा सर्व जातींना एकच दर लावणार असतील, तर बचत गट हिरडा सोडून झटपट वाढणाऱ्या जातींकडे वळतील, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

बांबूला मात्र नत्र मानवते. नोव्हेंबर २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, तोडणी-वाहतूक सोपी झाली आणि रोपांची मागणी वाढली. मानवेलीच्या रोपाला युरियाच्या पाळ्या पूर्ण द्याव्यात. त्याचे मोल उंचीवर नाही, तर कोंब किती फुटले आणि कंद किती भरला यावर आहे.

खत थांबवण्याची तारीख

खत सुरू कधी करायचे हे सगळे विचारतात, थांबवायचे कधी हे क्वचितच. ज्या दिवशी रोपे उचलायची त्याच्या किमान पाच आठवडे आधी नत्र बंद. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उचल असेल तर मेच्या मध्यानंतर युरिया नाही, मग रोपे कितीही बुटकी दिसोत. शेडनेट टप्प्याटप्प्याने काढावे. दिवसाआड पाणी द्यावे, दुपारी पाने थोडी मलूल होऊन संध्याकाळी सावरली पाहिजेत, इतका ताण चालतो. पिशव्या हलवाव्यात, लहान-मोठी रोपे वेगळी करावीत. पालाशची गरज वाटली तर सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला तीन ग्रॅम घेऊन एक पाळी द्यावी. म्युरेट ऑफ पोटॅशमधले क्लोराइड पिशवीतल्या थोड्या मातीत साचते, म्हणून ते टाळावे.

या पाच आठवड्यांत रोप उंचीने जवळजवळ थांबते आणि बुंधा भरतो. वाटिकाधारकाला हे दिवस जड जातात, कारण शेजारच्या वाटिकेतली रोपे युरियावर वर चाललेली दिसतात.

रोप घेणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत असो, शाळा असो की स्वतःच्या बांधावर लावणारा शेतकरी, रोप घेताना खिशात एक पट्टी ठेवा. साधा व्हर्नियर मिळाला तर उत्तम. रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, मातीलगतच्या बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा आणि उंचीला जाडीने भागा. उत्तर सहाच्या आसपास किंवा खाली आले तर रोप दणकट आहे. ४५ सेंटिमीटर उंच आणि ८ मिलिमीटर जाड असेल तर उत्तर ५.६ येते, घ्या. ६० सेंटिमीटर उंच आणि ५ मिलिमीटर जाड असेल तर १२ येते. ते रोप काठीच्या आधारानेच उभे असेल. जातीनुसार थोडा फरक धरावा. बांबूला हे गणित लागू नाही. सागाच्या जडीलाही नाही, कारण तिचा शेंडा छाटूनच लावतात. ती अंगठ्याएवढी जाड असली म्हणजे झाले.

मग शंभरातले एक रोप उचलून पिशवी फाडा. मातीचा गोळा मुळांनी धरून ठेवला पाहिजे. माती भसकन गळून पडली तर वर कितीही हिरवे दिसो, खाली काही नाही. मुळे तळाशी गुंडाळून जाड वेटोळे झाले असेल तर रोप जुने झाले आहे.

माझी सूचना सामाजिक वनीकरण आणि ग्रामपंचायतींना आहे. रोपे खरेदीच्या अटींत उंचीसोबत बुंध्याची किमान जाडी लिहा. एवढी एक ओळ वाढली तरी वाटिकेत मे महिन्यात पडणारा युरिया आपोआप कमी होईल, कारण चिमूटभर युरियाने बुंधा जाड होत नाही. आणि मोजणी लावणीच्या दिवशी नको. पाऊस जाऊन महिना झाल्यावर, दिवाळीच्या आसपास, कोणत्या वाटिकेची किती रोपे जिवंत आहेत याची नोंद ठेवा आणि पुढच्या वर्षीची मागणी त्या नोंदीवरून द्या. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या पहिल्या खड्ड्यापाशी वाटिकेचे नाव लिहिलेली एक खुंटी पुरते. तेलरंगाने लिहा, डोंगरातल्या पावसात खडू टिकत नाही.